दुरुस्त करून विकायला जुनं घर: तीनपैकी कोणतं उपनगर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनं घर घ्यायचं, सहा-आठ महिन्यांत दुरुस्त करायचं आणि विकायचं. विकलं गेलं नाही तर भाड्याने द्यायचं. तुमच्या ऐपतीत तीन उपनगरं बसतात. पहिलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात स्वस्त. दुसऱ्यात चार-पाच वर्षांत मेट्रो येणार असं जाहीर झालंय. तिसरं एका महागड्या उपनगराला खेटून आहे, पण पहिल्याच्या दीडपटीहून महाग, म्हणजे बजेट शेवटच्या टोकापर्यंत ताणावं लागेल. तिसऱ्यातलं एक घर चार महिने पडून आहे आणि त्याचा भाव दोनदा उतरलाय, हेही तुम्ही लिहिलंय. यातलं कोणतं निवडावं?

माझं उत्तर तिसरं. मात्र तुमचा विचार ज्या क्रमाने चाललाय तो क्रम मला आधी उलटा करायचाय. "कुठे स्वस्त मिळेल" इथून तुम्ही सुरुवात केलीत. वीस वर्षं हे काम केल्यावर मी सुरुवात करतो ती "दुरुस्त झालेल्या घराला या गल्लीत जास्तीत जास्त किती मिळतात" इथून. त्याला आम्ही गल्लीचा कमाल भाव म्हणतो. तुम्ही कितीही सुंदर काम करा, त्या भावाच्या वर गिऱ्हाईक जात नाही, कारण तेवढ्या पैशात त्याला शेजारच्या चांगल्या उपनगरात घर मिळतं.

यामागे एक साधी गोष्ट आहे आणि नवीन माणसाच्या ती लक्षात येत नाही. दुरुस्तीचा खर्च सगळ्या उपनगरांत जवळपास सारखाच येतो. फरशी, वायर, पाइप, रंग, गवंड्याची आणि सुताराची मजुरी यात लांबच्या उपनगरात फारशी सूट मिळत नाही. उलट मजूर तिथवर यायचे जास्तच मागतात. दुरुस्तीनंतर भावात पडणारी भर मात्र उपनगरागणिक वेगळी असते. खर्च एकसारखा आणि भर वेगळी, म्हणजे सगळा नफा-तोटा जागेच्या निवडीतच ठरून जातो. घराला हात लावायच्या आधीच.

आकड्यांत मांडतो. चलन कोणतंही असो, प्रमाण बघा. समजा पहिल्या उपनगरात पडीक घर 80 ला मिळतं आणि तेवढंच, पण नीट केलेलं घर 115 ला जातं. तिसऱ्यात पडीक घर 130 ला आणि नीट केलेलं 225 ला. काम दोन्हीकडे 30 चं. आता वरून खाली उतरा. पहिल्यात 115 मधून विक्रीची दलाली आणि वकिलाचे 6 गेले, खरेदीच्या वेळचे कर आणि नोंदणीचे 5 गेले, घर हातात असतानाचं व्याज, विमा, घरपट्टी, वीज असे 8 गेले, कामाचे 30 आणि अचानक निघणाऱ्या भानगडींसाठी 6. उरले 60. घर मात्र 80 ला मिळतंय. म्हणजे सगळं सुरळीत पार पडूनही 20 चा खड्डा. तिसऱ्यात 225 मधून 11, 8, 12, 30 आणि 6 वजा केले की 158 उरतात. घर 130 ला. नफ्यावरचा कर भरायच्या आधी 28 हातात.

हेच गणित घाईत करायचं असेल तर अमेरिकेत घरं दुरुस्त करून विकणारे लोक 70 टक्क्यांचा एक ठोकताळा वापरतात: दुरुस्तीनंतरच्या अपेक्षित भावाचे 70 टक्के घ्या, त्यातून कामाचा खर्च वजा करा, उरेल त्याहून जास्त मोजू नका. पहिल्या उपनगरात हा आकडा साधारण 50 येतो आणि विकणारा मागतोय 80. तिसऱ्यात 127 येतो, विकणारा मागतोय 130. इथे बोलणी करायला जागा आहे, तिथे नाही. हा काही कायदा नव्हे. उरलेल्या 30 टक्क्यांत खरेदी-विक्रीचा खर्च, व्याज आणि तुमचा नफा एवढं सगळं बसवायचं असतं, त्यामुळे जिथे खरेदीचे कर जबर आहेत तिथे तो आणखी कडक करावा लागतो. पण वाईट सौदे पाच मिनिटांत बाजूला काढायला तो पुरतो.

आता तो कमाल भाव काढायचा कसा. जाहिरातीतले भाव बघू नका. ती मागणाऱ्याची इच्छा असते. झालेल्या विक्रीची नोंदणी बघा, शक्यतो मागच्या सहा महिन्यांतली, फार तर वर्षभरातली. घराचा प्रकार तोच, खोल्या तेवढ्याच, आकार जवळपास तोच आणि पायी दहा मिनिटांच्या आतलं. मग त्यांचे दोन ढीग करा: नीट केलेली घरं एकीकडे, थकलेली एकीकडे. फोटो बघून हे सहज कळतं. दोन ढिगांमधली तफावत म्हणजे तुमचं मैदान. सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे एकच घर दोन वर्षांच्या आत दोनदा विकलं गेलेलं असणं, आधी पडीक आणि नंतर नीट करून. अशा तीन-चार जोड्या मिळाल्या की एजंटने सांगितलेल्या भावावर विसंबावं लागत नाही.

उपनगराच्या सरासरी किंवा मध्यम भावावर विश्वास टाकू नका. एखाद्या वर्षी मोठी घरं जास्त विकली गेली की तो आकडा वर जातो, प्रत्यक्षात एकाही घराचा भाव वाढलेला नसतो. शिवाय एका नावाचं उपनगर आतून दोन-तीन तुकड्यांचं असतं. मधून रेल्वेचा रूळ जातो, मोठा रस्ता जातो, कुठे शाळेच्या प्रवेशाची हद्द बदलते. रुळाच्या अलीकडची जोडी पलीकडच्या घराला लावली की हिशोब फसला. मी हे एकदा केलंय. रस्त्याच्या या बाजूचे भाव धरून त्या बाजूला घर घेतलं, दोन्हीकडचं अंतर चालत चार मिनिटांचं. विकताना लोक घर बघून खूश व्हायचे, बाहेर पडून त्या सहा पदरी रस्त्याकडे बघायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. मुलांना शाळेत जायला तो रस्ता ओलांडावा लागत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तफावतीचा हा विचार अभ्यासकांनीही मांडलेला आहे. नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने 1979 मध्ये भाडे-तफावतीचा सिद्धांत मांडला: जमिनीतून आज जे उत्पन्न निघतंय आणि तिचा सर्वोत्तम वापर केला तर जे निघू शकेल, त्यातलं अंतर पुरेसं रुंदावलं की पैसा त्या वस्तीकडे परत येतो. तिसरं उपनगर महागड्याला खेटून आहे, ही बाब म्हणूनच मला मोलाची वाटते. महागड्यात ज्यांना परवडत नाही ते लांब जात नाहीत. त्याच शाळा, तीच बस, तेच मित्र टिकवून ते एक पाऊल बाहेर सरकतात. तुमचं गिऱ्हाईक तिथून येणार आहे आणि त्याला काय आवडतं हे त्या महागड्या उपनगरात फिरून आजच बघता येतं.

याच विषयातली दुसरी बाजूही सांगायला हवी. वस्ती अशी वर सरकण्याला जो इंग्रजी शब्द आहे, जेंट्रिफिकेशन, तो समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये लंडनमधल्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना वापरात आणला. तिथले जुने रहिवासी एकेक करून कसे बाहेर पडत गेले हे त्यांना दाखवायचं होतं. या धंद्यात असताना हे विसरता येत नाही. मी रिकामी घरं घेतो, वारसाहक्कात अडकून बंद पडलेली, कोणी राहत नसलेली. भाडेकरू राहत असलेलं घर घेऊन त्याला काढायचं आणि मग नफा मोजायचा, हे मी करत नाही, तुम्हीही करू नका. रिकामं घर नीट केलं तर त्यासाठी कोणाला घराबाहेर काढावं लागत नाही, आणि कामही लवकर सुरू होतं.

दुसऱ्या उपनगराबद्दल. मेट्रो येणार ही बातमी तुम्हाला कळली म्हणजे विकणाऱ्यालाही कळली आहे. तिचा बराचसा भाग भावात आधीच चढलेला असतो. वरून अशा कामांना उशीर होतो. लंडनच्या क्रॉसरेल या रेल्वेमार्गाचा कायदा 2008 मध्ये झाला, मधला मुख्य टप्पा डिसेंबर 2018 मध्ये सुरू करायचं ठरलं होतं, आणि एलिझाबेथ लाइन म्हणून तो प्रत्यक्ष उघडला 24 मे 2022 रोजी. साडेतीन वर्षांचा फरक. दहा-पंधरा वर्षं थांबायची तयारी असलेल्याला हे चालतं. तुम्ही आठ महिन्यांत विकणार आहात. तुमच्या हातात घर असताना त्या उपनगरात स्टेशन नसेल. असेल तो खणलेला रस्ता, पत्र्याचं कुंपण आणि धूळ. म्हणून माझा नियम असा: जो सौदा स्टेशनशिवाय, आजच्या भावात जमतो तोच घ्यायचा. पुढे स्टेशन झालं तर ते वरचं.

आणि पहिलं उपनगर स्वस्त का आहे हे विचारल्याशिवाय राहू नका. घरं जुनी आहेत म्हणून स्वस्त असतील तर ते दुरुस्त करता येतं. माणसं निघून चालली आहेत म्हणून स्वस्त असतील तर त्यावर तुमच्या गवंड्याकडे उपाय नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराची लोकसंख्या 1950 मध्ये साडेअठरा लाख होती, 2020 च्या जनगणनेत ती 6 लाख 39 हजारांवर आली होती. मधल्या काळात तिथली हजारो घरं थकलेल्या करापोटी लिलावात अगदी किरकोळ रकमेला गेली. ज्यांनी दूर बसून फोटो बघून घेतली त्यांच्यापैकी कित्येकांना कळलं की घराचा वार्षिक कर आणि दुरुस्ती मिळूनच घराच्या किमतीच्या कितीतरी पट होते. जपानमध्ये 2023 च्या पाहणीत सुमारे 90 लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या 13.8 टक्के. इटलीतल्या सिसिली बेटावरच्या सांबुका गावाने 2019 मध्ये पडकी घरं एक युरोपासून बोली लावून विकली, पण ठरावीक मुदतीत दुरुस्त करायचीच या अटीवर. स्वतः राहायला जायचं असेल तर त्यात आनंद आहे. विकून नफा काढायचा असेल तर आधी पुढचं गिऱ्हाईक कोण हे सांगता आलं पाहिजे. एकाच खाणीवर किंवा एकाच कारखान्यावर जगणाऱ्या गावांचंही असंच. ऑस्ट्रेलियातल्या मोरानबा या कोळसाखाणीच्या गावात खाणकामाच्या तेजीत घरांचे भाव आभाळाला भिडले होते आणि 2012 नंतर तेजी ओसरली तसे कोसळले. घरं तीच होती.

कागदावरचं एवढं झालं की पायी फिरा. यात आळस करू नका. मी एका उपनगरात किमान चार वेळा जातो: कामाच्या दिवशी सकाळी, संध्याकाळी दिवे लागल्यावर, सुटीच्या आदल्या रात्री, आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर. सकाळी किती लोक कामाला बाहेर पडतात ते दिसतं. दिवे लागल्यावर किती घरं अंधारी आहेत ते दिसतं. रात्री आवाज कळतो. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना मी वहीत खुणा करत जातो: नव्या खिडक्या किती घरांना, बाहेर मलबा किंवा वाळूचा ढीग किती ठिकाणी, किती घरांचं छप्पर अलीकडे बदललंय. साधारण चौथा भाग ते तिसरा भाग घरं नीट केलेली असतील तर ती गल्ली मला सगळ्यात आवडते. कमाल भाव सिद्ध झालेला असतो आणि थकलेली घरंही शिल्लक असतात. एकही घर नीट केलेलं नसेल तर पहिला प्रयोग तुमच्या पैशावर होणार. जवळपास सगळीच झालेली असतील तर तुम्ही उशिरा पोहोचलात.

पावसानंतर जाण्याचं कारण एका गल्लीत मला शिकायला मिळालं. घर ठीक होतं, भाव फारच चांगला होता, सौदा जवळपास पक्का. जिन्याखाली विजेचा मीटर माझ्या कपाळाच्या उंचीवर बसवलेला होता. खोल्यांतली बटणं आणि प्लगसुद्धा छातीच्या वर. मालकाला विचारलं तर म्हणाला, लहान मुलांचा हात पोहोचू नये म्हणून. बाहेर आलो आणि सहज शेजारच्या उघड्या दारातून आत नजर गेली. तिथेही प्लग छातीच्या वर. त्याच्या पलीकडच्या घरातही तेच. तिन्ही घरांत मुलं लहान असतील हे शक्य होतं, पण कुंपणाच्या भिंतींकडे नीट बघितल्यावर गुडघ्याच्या वर एक फिकट तपकिरी रेघ सगळ्या घरांवरून एकाच पातळीत गेलेली दिसली. पाणी तिथपर्यंत येत होतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात जानेवारी 2011 मध्ये पूर आला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये पुन्हा आला. नदीकाठच्या सखल भागांना अकरा वर्षांत दोनदा झळ बसली. पाण्याला जुनी वाट आठवते. पुराचे नकाशे मिळत असतील तर बघाच, पण त्याहून सोपी एक चाचणी आहे: बयाणा द्यायच्या आधी त्या पत्त्यासाठी विम्याचा हप्ता विचारा. शेजारच्या उपनगराच्या दुप्पट सांगितला किंवा पुराचं कलमच वगळलं, तर विमा कंपनीने तुमच्यासाठी अभ्यास करून ठेवलाय असं समजा. शिवाय पुढच्या गिऱ्हाइकालाही तोच हप्ता भरायचाय, हे त्याच्या भावात दिसणार.

उपनगर निवडताना लोक आणखी एक गोष्ट सोडून देतात, ती म्हणजे घरांचं वय. उपनगरं बहुधा एका झपाट्यात बांधली जातात, पाच-दहा वर्षांत सगळी वस्ती उभी राहते. त्यामुळे गल्लीतल्या घरांची दुखणीही सारखीच असतात. अमेरिकेत 1978 पूर्वीचं घर असेल तर रंगात शिसं असण्याची शक्यता धरावी लागते, कारण घरगुती वापराच्या शिशाच्या रंगावर बंदी त्या वर्षी आली. फुप्फुसांना घातक असलेल्या अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी ब्रिटनमध्ये 1999 ला आली, ऑस्ट्रेलियात 2003 च्या शेवटी. त्याआधीच्या घरांत ते छपराच्या पत्र्यात, न्हाणीघराच्या भिंतींच्या बोर्डात, फरशीच्या खालच्या थरात निघू शकतं. ते काढायला परवानाधारक माणूस लागतो, वेगळी विल्हेवाट लागते, आणि तोवर तुमचं बाकी काम थांबतं. काही वस्त्यांत जुने लोखंडी पाइप आतून गंजून बोटभर भोक उरलेलं असतं, काही ठिकाणी चिनीमातीच्या सांडपाण्याच्या नळांत झाडांची मुळं शिरलेली असतात. कुठे माती चिकट, उन्हाळ्यात आकसणारी, मग प्रत्येक घराला त्याच कोपऱ्यात तिरकी चीर.

हे कळायला इंजिनिअरकडे जायच्या आधी त्या भागात काम करणाऱ्या प्लंबरला आणि इलेक्ट्रिशियनला गाठा. "या गल्ल्यांत तुम्हाला सगळ्यात जास्त कशासाठी बोलावतात?" एवढंच विचारा. दहा मिनिटांत सगळ्या उपनगराची तब्येत कळते. मग स्वतःला विचारा की यातलं कोणतं दुखणं मी झेपवू शकतो. रंग, फरशी, स्वयंपाकघर, न्हाणीघर, दारं-खिडक्या हे पहिल्या कामाला ठीक. वायरिंग आणि प्लंबिंग पूर्ण बदलणं जमतं, फक्त खर्च आधी धरलेला हवा. पाया, भार पेलणाऱ्या भिंती, खालून येणारी ओल, हे पहिल्याच घरात अंगावर घेऊ नका. ओलीबद्दल मी हट्टाने सांगतो, कारण तिने मला एकदा बुडवलं. घर नुकतंच रंगवलेलं होतं, स्वच्छ पांढरं. मागच्या खोलीत एकाच भिंतीचा रंग कमरेपर्यंत किंचित वेगळा चमकत होता, आणि खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, थंडीचे दिवस असूनही. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आणि दोन्ही सोडून दिल्या. ताबा मिळाल्यावर तिसऱ्या आठवड्यात गिलाव्याला हात लावला तर तो ओल्या बिस्किटासारखा बोटाखाली खचला. भिंतीमागचा सांडपाण्याचा नळ फुटलेला होता आणि तो दोन घरांचा सामाईक होता. शेजाऱ्याची संमती मिळायला आणि काम उरकायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांच्या व्याजात नफा संपला.

परवानग्यांचं फार लांबवत नाही. तिथल्या नगररचना कार्यालयात जाऊन त्या गल्लीतले अर्ज बघा, विशेषतः नाकारलेले. वारसा जपणुकीच्या क्षेत्रात घर असेल तर खिडकीचा आकार बदलायलाही परवानगी लागू शकते. फ्लॅट असेल तर संस्थेचे किंवा मालकसंघाचे नियम आणि थकीत मोठी दुरुस्ती बघा. छपराच्या वर्गणीचा मोठा आकडा तुमच्या ताब्याच्या काळात येऊन पडू शकतो. आणि घरावर कर्ज, कर किंवा वाद यांचा बोजा आहे का हे स्वतःच्या वकिलाकडूनच तपासा, विकणाऱ्याच्या नाही.

आता एक प्रामाणिक अपवाद. तुम्ही "नाहीतर भाड्याने देऊ" असं म्हणालात. भाड्याचा विचार केला तर पहिलं उपनगर पुढे जाऊ शकतं. तिथे 80 चं घर आणि वर्षाचं भाडं 8 असेल आणि तुम्ही कामावर 30 ऐवजी 12 च खर्च केलेत, तर 92 वर 8 म्हणजे पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास. तिसऱ्यात 160 गुंतवून 9 भाडं आलं तर साडेपाच टक्क्यांच्या वर थोडंसं. भाडेकरूला कोरडं, उजेडाचं, दारं नीट लागणारं, गरम पाणी येणारं घर हवं असतं. महागडा ओटा आणि छतातले लपवलेले दिवे यांचे पैसे तो देत नाही. म्हणजे दोन हेतूंना दोन वेगळी उपनगरं आणि दोन वेगळी कामाची यादी लागते. एकाच घरात दोन्ही साधू गेलात तर विकायच्या घराइतका खर्च करून भाड्याच्या घराइतकं मिळवाल. तुमचा मुख्य हेतू विक्री आहे म्हणून मी तिसरं म्हणतोय. पर्याय म्हणून भाडं बघा ते एवढ्यासाठी, की विक्री अडकली तर कर्जाचा हप्ता आणि कर तरी त्यातून सुटावेत. हे भाडं धरताना वर्षातले बारा नाही, साडेदहा-अकरा महिनेच धरा. मध्ये घर रिकामं राहतंच.

बजेट टोकापर्यंत ताणण्याची तुमची काळजी खरी आहे. पडीक घरात बिनशिलकीचं कोणी उतरू नये. यावर उपाय उपनगर बदलणं नाही, त्याच उपनगरात लहान घर बघणं हा आहे. दोन खोल्या कमी, किंवा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. क्षेत्र कमी म्हणजे कामही कमी, मुदतही कमी. कर्ज फिटेपर्यंत घर रोज व्याज खातं, त्यामुळे पाच महिन्यांत संपणारं छोटं काम नऊ महिन्यांच्या मोठ्या कामापेक्षा पहिल्या वेळी जास्त शिकवतं आणि कमी दुखवतं. भानगडींसाठी कामाच्या खर्चाचा पाचवा भाग वेगळा ठेवा आणि तो नाहीच असं समजून हिशोब करा.

आणि अंतर. तुमच्या राहत्या घरापासून त्या उपनगरात जायला पाऊण तासाहून जास्त लागत असेल तर सोडून द्या, कितीही चांगला सौदा असो. आठवड्यातून चार वेळा तरी साइटवर जावं लागतं. फरशीचा उतार सांडपाण्याच्या नळाकडे आहे की भिंतीकडे, हे गवंडी सिमेंट ओतत असताना बघायचं असतं. दुसऱ्या दिवशी फोनवर आलेल्या फोटोत ते दिसत नाही.

काम ठरवताना महागड्या उपनगराची नक्कल करायचा मोह होईल. थोडा आवरा. गल्लीतल्या नीट केलेल्या घरांत जे आहे तेवढं द्या आणि एका ठिकाणी, एकाच, त्यांच्याहून चांगलं करा. मी बहुतेक वेळा ते स्वयंपाकघराच्या उजेडावर खर्च करतो, कारण घर बघायला आलेली माणसं बोलायला तिथेच थांबतात.

तर या महिन्यात एवढं करा. तिसऱ्या उपनगरातल्या नोंदलेल्या विक्रीतून निदान चार जोड्या जमवा, रुळाच्या आणि मोठ्या रस्त्याच्या एकाच बाजूच्या. प्लंबरला भेटा. मग त्या चार महिने पडून असलेल्या घराकडे जा, पावसाच्या दुसऱ्या दिवशी, आणि खिडक्या बंद करायला सांगून पाच मिनिटं आत उभे राहा. दोनदा भाव उतरूनही जे विकलं जात नाही त्याला एकतर विकणाऱ्याचा हट्ट कारण असतो किंवा बघणाऱ्या प्रत्येकाला दिसलेली एखादी खोड. आधी बघून गेलेल्यांनी का नाकारलं हे एजंटला सरळ विचारा. तीच खोड तुम्ही दुरुस्त करू शकत असाल तर सांडपाण्याच्या नळात कॅमेरा सोडून तपासणी करून घ्या, त्याचा खर्च किरकोळ आहे. सगळं ठीक निघालं तर, वरच्या उदाहरणातल्या प्रमाणात सांगायचं तर, 120 पासून बोलणी सुरू करा आणि 127 च्या वर जाऊ नका. नळात मुळं निघाली तर त्याचा खर्च वजा करून खाली या, आणि तपासणीचा व्हिडिओ विकणाऱ्याच्या समोर ठेवा.